रांजणापर्यंत

अंगण सारवलं ते जनकाबाईचं चुकलं, असं पुढं सगळ्यांनीच सांगितलं. पोलिसांनी सांगितलं, वकिलानं सांगितलं, आणि शेजारच्या पारुबाईनंही सांगितलं, जिनं त्या सकाळी शेणाची पाटी स्वतः आणून दिली होती. पण त्या सकाळी तसं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. अंगणात माणूस मेला होता. त्याचं रक्त फाटकापासून रांजणापर्यंत सांडलं होतं आणि कोंबड्या त्यात चोची मारत होत्या. असं रक्त जसंच्या तसं ठेवायचं असतं, त्याला हात लावायचा नसतो, हे जनकाबाईला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. तिनं शेण कालवलं, पदर खोचला आणि मागं मागं सरकत सगळं अंगण सारवून काढलं. मग चुलीतली राख घेऊन तांब्या घासला, लख्ख केला, आणि फळीवर पालथा घातला.

मेलेला माणूस साधासुधा नव्हता. व्यंकटराव जिल्हा परिषदेचे मेंबर होते. हिंगोली जिल्हा होऊन तिसरं वर्ष चालू होतं, आणि नव्या जिल्ह्याच्या निवडणुकीत ते चांगल्या फरकानं निवडून आले होते. मिरवणुकीचा गुलाल त्यांच्या मोटारसायकलीच्या फटीत अजून अडकलेला होता. हट्ट्याहून गावाकडं येताना ओढ्याच्या पुलाजवळ कुणीतरी त्यांना गाठलं आणि मानेखाली कुऱ्हाडीचा घाव घातला. ओढा ओलांडून आलं की पहिलं घर लागतं ते बौद्धवाड्याच्या टोकाचं, जळबाचं.

दिवस मावळला होता, पण उजेड होता. जनकाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा नवरा जळबा नुकताच रानातून येऊन हातपाय धूत होता. फाटक वाजलं म्हणून दोघांनी पाहिलं, तर पांढऱ्या कपड्यातला माणूस, मान एका हातानं दाबून धरलेली, बोटांतून रक्त निथळतंय. त्यानं इकडं पाहिलं नाही की तिकडं पाहिलं नाही, सरळ रांजणाकडं चालत आला. रांजणाला हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी."

जनकाबाईनं तांब्या बुडवला आणि वर धरला. ओंजळीत वरून धार सोडायला. तिच्या बापाला गावात पाणी मिळायचं ते असंच मिळायचं, आणि गावातल्या माणसाला आपण पाणी द्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. त्या घाईत तिला दुसरी रीत सुचली नाही. व्यंकटरावांनी तिच्या हातातून तांब्या ओढून घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा प्याले. "आनखी," म्हणाले. दुसरा तांब्या निम्मा प्याले, निम्मा छातीवर सांडला. मग गुडघ्यात वाकून खाली बसले.

जळबानं खांद्यावरचा पंचा जखमेवर दाबला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पारुबाईचा नवरा सायकलीवर गावात पळाला. जीप आली तोवर व्यंकटराव गेले होते. त्यांचा धाकटा भाऊ उकंडराव जीपमधून उतरला, त्यानं भावाला उचलून घेतलं, जळबाकडं एकदा पाहिलं आणि जीप फिरवली. चुलीवरची भाकरी करपून कोळसा झाली होती, ती जनकाबाईनं कुत्र्याला टाकली.

सकाळी पोलीस आले तेव्हा सारवण वाळत आलं होतं. मोठे साहेब फाटकातच थांबले. त्यांनी अंगणाकडं पाहिलं, मग जनकाबाईच्या हातांकडं पाहिलं. कोपरापर्यंत शेण वाळलेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"म्या केलं, साहेब."

"काहून पण?" जमादार फुलसिंगच्या तोंडून निघून गेलं. तो जवळच्याच तांड्यावरचा माणूस, जळबाला नावानं ओळखणारा.

"कोंबड्या चोची मारून राहिल्या व्हत्या. माणसाचं रगत हाय, जमादार. असं उघडं कसं ठेवावं?"

साहेबांनी ते उत्तर ऐकलं आणि शिपायाला लिहून घ्यायला सांगितलं. लिहिलं गेलं ते एवढंच, की बाईनं पुरावा नष्ट केला. जळबाचा सदरा दोरीवर होता, रक्तानं कडक झालेला. तो धुवायचा राहून गेला होता. "हा बरा राहिला," साहेब म्हणाले आणि सदरा पिशवीत गेला. तांब्याकडं त्यांनी पाहिलं, उचलून नाकाजवळ नेला, परत फळीवर ठेवला. घासलेल्या तांब्यात त्यांना काही मिळणार नव्हतं.

मग धारेची हत्यारं निघाली. दोन विळे, खुरपं, कुऱ्हाड. शेवटी एका शिपायानं चुलीमागची विळीही आणली.

"ती भाजी चिरायची हाय, साहेब," जनकाबाई म्हणाली.

"तपासणीला जाईल."

विळी गेली. जळबा गेला. जाताना त्यानं पायात वहाणा घातल्या होत्या, त्या काढायला लावल्या. त्याही तपासणीला.

जळबाला धरायला पोलिसांना कारण शोधत बसावं लागलं नाही. बौद्धवाड्यातली आठ-दहा घरं गायरानावर ज्वारी करत होती, त्यात जळबाची दोन एकरांची पट्टी होती. गायरान नावावर करून देतो असं व्यंकटराव मागच्या निवडणुकीलाही म्हणाले होते आणि ह्या निवडणुकीलाही. प्रचाराला आले तेव्हा जनकाबाईनं कपबश्या मागून आणून चहा केला होता. व्यंकटरावांनी कप हातात घेतला, हसले, मागच्या माणसाच्या हातात दिला, त्यानं तो ओट्यावर ठेवला. मंडळी पुढच्या घरी गेली. चहावर साय धरली, साईवर माशी बसली, आणि जनकाबाईनं तो चहा शेवग्याच्या बुडात ओतला. पुढं जवळा बाजारच्या बाजारात जळबानं व्यंकटरावांना चार माणसांत अडवलं आणि गायरानाचं विचारलं. व्यंकटराव हसून पुढं निघाले तेव्हा तो मागून ओरडला, "पुन्यांदा दारात या, मग सांगतो!" हे अख्ख्या बाजारानं ऐकलं होतं. आणि व्यंकटराव दारातच मेले होते.

तरी ह्या सगळ्याहून वजनदार ठरलं ते उकंडरावाचं बोलणं. त्यानं जबाबात सांगितलं, आणि चावडीपुढंही सांगितलं, "हे लोक म्हणतेत, भाऊ पाणी प्यायला आला व्हता. आमचा भाऊ त्या घरचं पाणी पिणार न्हाई. मेला तरी पिणार न्हाई. त्याला वढीत नेलाय आन् अंगणात तोडलाय." गावातल्या कुणालाही ह्यात काही चुकीचं दिसलं नाही. साहेबांनाही दिसलं नाही. व्यंकटराव त्या फाटकातून आपल्या पायानं आत जाणं शक्य नव्हतं, म्हणजे त्यांना नेलेलं होतं. इतका सरळ हिशेब होता.

जनकाबाई रोज सकाळी भाकरी बांधून ठाण्यात जायची. हट्ट्यापर्यंत पायी, पुढं एस.टी. ठाण्याच्या भिंतीला टेकून बसायची. शिपाई डबा आत न्यायचे, कधी रिकामा आणायचे, कधी भरलेलाच. आत काय चाललंय ते भिंतीबाहेर ऐकू यायचं, आणि ऐकू आलं की ती पदराचा बोळा तोंडात धरायची. तिच्याशेजारी बसलेल्या बायका तेवढ्यापुरत्या दुसरीकडं बघायच्या. ह्या बाबतीत त्या सगळ्या शहाण्या होत्या.

एकदा साहेब दौऱ्यावर गेले तेव्हा फुलसिंगनं तिला गजांजवळ जाऊ दिलं. जळबा उठून आला. येताना तो भिंतीला धरून, पायाच्या कडांवर चालत आला. तळव्यांवर पट्ट्यानं मारलं होतं. चेहऱ्यावर मात्र ओरखडा नव्हता. कोर्टापुढं उभं करायचं असतं, म्हणून चेहरा सांभाळतात.

"ज्वारी?" त्यानं विचारलं.

"उभी हाय."

"पाखरं पडतीन."

"पडलीत."

जळबा गज धरून उभा राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "कुऱ्हाड कुठं टाकली ते सांग म्हणतेत. कुऱ्हाड तं त्यायच्याच कपाटात हाय. तिला रगत न्हाई लागलेलं, म्हणून दुसरी दे म्हणतेत. आता दुसरी कुठून आणावं मी?"

जनकाबाईनं डबा गजांजवळ सरकवला. ती म्हणाली, "खाऊन घ्या."

परत जाताना फुलसिंग फाटकापर्यंत आला. "बाई," तो म्हणाला, "तू सारवलं नसतं तं बरं झालं असतं. थेंब दिसले असते. माणूस कुठून आला, कसा आला, कळलं असतं." तो चांगल्या मनानं बोलला होता. पण जनकाबाई एस.टी.त बसली तेव्हा तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले, जसे काय ते हात लोकांना दिसू नयेत. नवऱ्याला आपण आपल्या हातांनी आत घातला, हे तिच्या मनात त्या दिवशी बसलं आणि मग हललं नाही.

ज्वारी काढायला विळा नव्हता. वाड्यात घरोघर विळे होते, पण द्यायला कुणी तयार होईना.

"देल्ला असता, माय," पारुबाई म्हणाली. "पण पोलिसांनी पुन्यांदा झडती घेतली आन् माझा इळा तुझ्या घरात घावला तं? माझ्या मालकालाच नेतीन."

तिचंही बरोबर होतं. जनकाबाई रानात गेली आणि ज्वारी उपटायला लागली. जमीन तडकलेली, धाट बुडाशी धरायचं, गुडघा टेकवायचा आणि मागं झुकायचं. मूळ सुटलं की माती तोंडावर उडायची. उपटणं तिला नवीन नव्हतं, आधीच्या पिढ्या उपटूनच काढायच्या. पण कणसं मोडायला धार लागतेच. ती एकेक कणीस पिरगाळून तोडायची. धाटाच्या चिरफळ्या तळहातात घुसायच्या, संध्याकाळी त्या दातांनी काढायच्या. मुलगा प्रेमानंद वसमतला जिनिंगवर कामाला होता, तो रजा टाकून आला. अर्धा दिवस आईबरोबर उपटायचा आणि अर्धा दिवस वकिलाच्या दारात बसायचा.

"कुसळं टोचून राहिलीत का?" त्यानं एकदा विचारलं. आई कणीस हातात धरून नुसती बसली होती.

"न्हाई. त्यायच्या पायाचं आठवलं."

प्रेमानंद पेंढी बांधून दुसरीला लागला. शेजारच्या पट्टीतल्या माणसांनी आपली ज्वारी विळ्यानं भराभर कापून नेली, जाताना जनकाबाईच्या रानाकडं पाहिलं नाही.

मेला तो पुढारी होता, हे जळबाचं नशीब म्हणायचं. एखादा मजूर मेला असता तर तपास ठाण्यातच मिटला असता. पण व्यंकटरावांसाठी मोर्चा निघाला, रस्ता अडवला गेला, वर्तमानपत्रात फोटो आले, आणि वरच्या साहेबांनी शहरातून प्रयोगशाळेची गाडी मागवली. गाडी बौद्धवाड्यात शिरली तेव्हा अख्खं गाव मागं होतं. उकंडराव सगळ्यांत पुढं.

गाडीतून एक तरुण मॅडम उतरल्या. हातात रबरी मोजे, डोक्याला रुमाल. त्यांनी अंगण पाहिलं आणि जनकाबाईला विचारलं, "सारवलं तेव्हा आधी झाडलं होतं का?"

"न्हाई, मॅडम. झाडलं असतं तं कोंबड्या हाकलतानाच..." तिला पुढचं बोलता आलं नाही. "तसंच वरून सारवलं. जाड."

"पाणी टाकलं होतं?"

"शेणातलंच."

मॅडम मांडी घालून अंगणात बसल्या. पातळ सुरी सारवणाच्या कडेला घातली आणि हळूच उचलली. वाळलेलं सारवण पापुद्र्यासारखं निघालं. खाली जुनं सारवण होतं, आणि त्यावर काळपट डाग. मॅडमनी कापूस फिरवला, त्यावर बाटलीतले थेंब टाकले. कापूस गुलाबी झाला. मागं उभी असलेली माणसं पुढं सरकली तशी फुलसिंगनं काठी आडवी धरली.

उन्हं चढली. मॅडम इंच इंच सरकत होत्या. रात्रभरात जुन्या सारवणानं रक्त पिऊन घेतलं होतं, आणि वरच्या नव्या थरानं ते झाकून ठेवलं होतं. सारवलं नसतं तर एव्हाना त्या अंगणातून पोलीस गेले असते, पुढारी गेले असते, बघे गेले असते, शेळ्या गेल्या असत्या. रस्त्यावरच्या थेंबांचं तेच झालं होतं, तिथं आता नुसता फुफाटा होता. अंगणात मात्र फाटकापासून एकामागं एक थेंब निघत गेले. मॅडमनी प्रत्येकाजवळ आकड्याचं कार्ड ठेवलं. थेंबांना बारीक शेपट्या होत्या आणि सगळ्या शेपट्या एकाच दिशेला होत्या, रांजणाकडं.

"ओढून आणलेल्या माणसाचं असं पडत नाही," त्या साहेबांना म्हणाल्या. "फरपटा असतो. हा चालत आलाय. आणि इथं तोडला असता तर भिंतीवर उडालं असतं. भिंत स्वच्छ आहे. ही सारवलेली नाही."

साहेबांनी भिंतीकडं पाहिलं. पांढऱ्या मातीची भिंत होती, दिवाळीला दिलेला हात अजून तसाच.

मग मॅडम रांजणाशी गेल्या. भिंतीकडच्या बाजूला वाकून बघितलं, दिवा मागितला. रांजणाच्या गळ्याखाली, जिथं जनकाबाईची नजर कधी जात नव्हती, तिथं वाळल्या रक्ताचा पंजा उमटला होता. पाच बोटं, आणि तळहाताचा अर्धा भाग. फोटो काढले, त्यावर भुकटी मारली, चिकटपट्टी लावली. व्यंकटरावांच्या बोटांचे ठसे दवाखान्यात आधीच घेतलेले होते. मॅडमनी भिंग लावून दोन्ही शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिलं.

"त्यांचाच आहे," त्या म्हणाल्या. "पाण्यापाशी हात टेकवून उभे होते."

उकंडराव वळला आणि गर्दीतून निघून गेला. तापलेल्या रस्त्यानं तो एकटाच चालत गेला, त्याच्यामागं जावं की नाही हे त्याच्या माणसांना कळेना.

जनकाबाईला रडू आलं. सगळ्यांसमोर ती खाली बसली आणि रडली. आपल्या हातांनी काही वाईट झालं नव्हतं, एवढंच तिला समजलं होतं. पारुबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चटकन म्हणाली, "मी म्हणत न्हवते का, सारवलं ते बराबरच केलं म्हणून!"

संध्याकाळी रांजण गेला. जनकाबाईच्याच गोधडीत गुंडाळून गाडीत ठेवला. मॅडमनी अंगणातून चौकोनी वड्या कापून डब्यांत भरल्या आणि सांगितलं, तपासणीचा कागद येईपर्यंत उरलेल्याला हात लावू नका. अंगणात ठिकठिकाणी खड्डे राहिले, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला घरात पाण्याचा रांजण नव्हता.

पुढचं मग भराभर झालं. पोलिसांनी ओढ्याचा पूल धुंडाळला, पुलाखालच्या गाळात कुऱ्हाड मिळाली, वाळूच्या ठेक्यावरून व्यंकटरावांशी वाकडं असलेले दोघं जण धरले गेले. जळबाला जामीन मिळाला. नाव मात्र कागदावर राहिलं. वकील म्हणाले, एकदा कोर्टात जनकाबाईची साक्ष झाली, माणूस आपल्या पायानं आला, पाणी मागितलं, प्याला, हे तिनं नीट सांगितलं, की जळबा त्यातून मोकळा होईल. तोवर तारखा.

जळबा घरी आला तो बैलगाडीत बसून आला. प्रेमानंदानं त्याला पाठंगुळी घेऊन आत आणला. त्यानं अंगणातले खड्डे पाहिले, रांजणाची रिकामी जागा पाहिली. "ज्वारी किती झाली?" त्यानं विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत झोपला. त्याला उकिडवं बसता येत नव्हतं. रस्त्यावर जीपचा आवाज आला की तो दोन्ही पाय पोटाशी घ्यायचा. तो फार बोलायचा नाही पूर्वीही, आता तर नुसता शेवग्याकडं बघत पडून असायचा.

गावाला खुनापेक्षा पाण्याचंच जास्त झालं होतं. हॉटेलात, चक्कीवर, हट्ट्याच्या स्टँडवर, जिथं तिथं तेच. "पाणी पिला म्हणं." "तांब्या तोंडाला लावून?" "पंजाच घावला ना रांजणाला." व्यंकटरावांनी आयुष्यभर काय केलं ते मागं पडलं, शेवटच्या घटकेला काय केलं तेवढं राहिलं. मारणाऱ्यांची नावंही कुणी घेईना.

जयंती जवळ आली होती. बौद्धवाड्यात चौकात रंगरंगोटी चालू होती, पण दुपारी ऊन एवढं असायचं की माणसं सावलीला पांगायची. वकिलाचा निरोप आला होता, आता सारवायला हरकत नाही. जनकाबाईनं खड्डे मातीनं भरून चोपले आणि शेण कालवायला घेतलं. घरात ती एकटीच होती. तेवढ्यात फाटक वाजलं.

डोक्यावर पदर ओढलेली बाई आत आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. व्यंकटरावांची बायको द्वारकाबाई. आजवर ती ह्या बाजूला कधी आली नव्हती. गावातून चालत आली होती, एकटी, भर उन्हात.

"जळबा हाय का?"

"न्हाई. लेकासंगं दवाखान्यात गेलेत. पाय दाखवाया."

द्वारकाबाई पायांबद्दल काही बोलली नाही. अंगणाच्या मध्ये उभी राहून तिनं विचारलं, "कुठं पडले व्हते?"

जनकाबाईनं शेणाचा हात लांब करून जागा दाखवली. द्वारकाबाई त्या ताज्या मातीकडं बघत राहिली. मग ओट्याच्या कडेला टेकली. बसली म्हणता येणार नाही, टेकली.

"लई तकलीफ झाली का त्यायला?"

"न्हाई. लवकर गेले." हे खरं नव्हतं. पण त्या बाईला खरं सांगून काय करायचं होतं?

"काही बोलले?"

"पाणी म्हणाले. दुसरं काही न्हाई."

द्वारकाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तू पाजलंस, का त्यायनं घेतलं?"

"मी वरून ओंजळीत सोडणार व्हते," जनकाबाई म्हणाली. हे तिनं पोलिसांना सांगितलं नव्हतं, वकिलाला नाही, जळबालासुद्धा नाही. "त्यायनं माझ्या हातातून तांब्या घेतला."

"तोंडाला लावला?"

"व्हय."

मग द्वारकाबाई ज्या कामाला आली होती ते बोलली. "जनका, कोर्टात तुला इचारतीन. आले, पडले, गेले, येवढं सांग. पाण्याचं काढू नको. आमच्या लेकीची, राणीची सोयरीक जमून राहिली. पाहुण्यांच्या कानावर आत्ताच गेलंय, पण कोर्टात लिहिलं गेलं म्हणजे कायमचं झालं. उकंडभाऊजी म्हणतेत, पाण्याचं निघालं न्हाई तं आमी बी जळबाच्या आड येणार न्हाई."

जनकाबाईला संताप आला. एवढा आला की तिनं हातातलं शेण पाटीत आपटलं आणि शिंतोडे तिच्याच लुगड्यावर उडाले.

"पाणी न्हाई तं ते माझ्या दारात आले काहून? वकील हेच इचारल, बाई. पाणी काढलं की वढून आणले, तोडले, हेच राहतं मागं. माझ्या मालकाला पायावर उभं राहता येईना. तो सुटलाय तो त्या पाण्यावर. मी सांगीन. दहादा इचारलं तं दहादा सांगीन."

द्वारकाबाई खाली बघत होती.

"तुमच्या मालकाला मरताना तहान लागली व्हती," जनकाबाई म्हणाली, आता जरा हळू. "त्यात लाज कशाची?"

द्वारकाबाई तशीच टेकून राहिली. उन्हानं तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते, आणि ती ते जिभेनं ओले करायचं टाळत होती, कुणी पाहील म्हणून. जनकाबाईच्या ते नजरेत भरलं. तिनं आत मोरीत हात धुतले, फळीवरून तांब्या घेतला, घागरीतून भरला आणि ओट्यावर तिच्याशेजारी ठेवला. वर धरला नाही, पुढंही केला नाही.

"हाच तांब्या व्हता," ती म्हणाली. "उन्हाचं आलात."

आणि दुसरी, रिकामी पाटी उचलून ती परसात गेली. माती आणायची होती. परसातली ढेकळं तिनं फोडली, खडे वेचले, पाटी भरली. मुद्दामच सावकाश भरली.

परत आली तेव्हा अंगणात कुणी नव्हतं. फाटक ओढून घेतलेलं होतं. तांब्या ओट्यावर होता तिथंच होता. तिनं आत पाहिलं. रिकामा. ओतून दिलं असेल, असं तिच्या मनात आलं, आणि शेवग्याच्या बुडातला तो चहा आठवला. तिनं ओट्याभोवती पाहिलं, शेवग्याच्या बुडाशी जाऊन पाहिलं, फाटकापर्यंत वाकून जमीन बघत गेली. अंगण इतक्या दिवसांचं बिनसारवलेलं, वर बोटभर धूळ. त्यात एक थेंब पडला असता तरी डाग दिसला असता. धूळ सगळीकडं कोरडी होती.

"कुणी बघत न्हवतं तवा," ती स्वतःशी म्हणाली. तिला बरं वाटलं आणि रागही आला, आणि दोन्हीतलं जास्त काय ते तिला ठरवता येईना.

सवयीनं तिनं चुलीतली राख हातात घेतली, तांब्या पालथा धरला. आणि थांबली. राख परत चुलीत टाकली. तांब्या तसाच, न घासता, फळीवर ठेवला, आणि पदर खोचून सारवायला बसली.